दादा आणि डबल ब्लॅक डायमंड

दादांची आणि तुमची ओळख झाली की पाच मिनिटांच्या आत ते तुम्हाला तुमचा रंग सांगतात. गाव कुठलं, कंपनी कुठली, ग्रीन कार्डाचं कुठवर आलं, हे फिनिक्समधल्या बाकीच्या मराठी माणसांचे प्रश्न. दादा तुम्हाला नखशिखांत न्याहाळतात, पोटऱ्यांवर जरा जास्त वेळ थांबतात आणि म्हणतात, "हिरवे." गणपतीची आरती नुकतीच संपलेली असते. नवा माणूस बिचारा स्वतःच्या कुडत्याकडे बघतो. कुडता केशरी असतो.

अमेरिकेत डोंगरातल्या सायकलवाटांना स्कीच्या उतारांवरून उसन्या घेतलेल्या खुणा असतात. हिरवं वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड आणि दोन काळे हिरे म्हणजे घरी सांगून या. (त्याखाली एक पांढरं वर्तुळही असतं, चांगल्या रुंद, सपाट वाटेचं. ते दादा धरत नाहीत.) वाट किती रुंद, चढ किती, मध्ये येणारा दगड किती उंच, जमीन टणक की भुसभुशीत, यावरून खूण ठरते. ती वाटेला लावायची असते. दादांनी ती माणसांना लावली. चार खुणा, चार वर्ण. हिरव्याने निळ्याची बरोबरी करू नये, निळ्याने काळ्याच्या नादी लागू नये. आणि अशा व्यवस्था बसवणाऱ्यांच्या रीतीला धरून दादा स्वतः कुठलीही परीक्षा न देता सर्वांत वर, दोन काळ्या हिऱ्यांवर जाऊन बसलेले.

फिनिक्सजवळच्या चँडलर आणि आसपासच्या गावांत चिप बनवणारे कारखाने आहेत, म्हणून मराठी इंजिनिअर आहेत. आणि शहराच्या हद्दीतच साउथ माउंटन पार्क आहे, सोळा हजार एकरांहून मोठं, दगडांचं, सग्वारो निवडुंगांचं, माथ्यावर टीव्हीचे मनोरे असलेलं. इंजिनिअर आणि डोंगर इतके जवळ आले की मध्ये सायकल येतेच. दादांची सायकल पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शनवाली, कार्बनची. तिच्या किमतीचे दोन आकडे आहेत, एक पावतीवरचा आणि एक वहिनींना सांगितलेला. हँडलवरचं बटण दाबून वजन टाकलं की सीट खाली जाते, पुन्हा नुसतं दाबलं की वर येते. तीव्र उतारावर शरीर मागे नेता यावं म्हणून ही सोय असते. दादांची सीट सगळ्यात जास्त खाली-वर होते ती पार्किंगमध्ये.

शनिवारी पहाटे आमचा जथा पिमा कॅन्यनच्या पार्किंगला जमतो. हिवाळ्यात उन्हं वर आल्यावर निघालं तरी चालतं, पण उन्हाळ्यात दिवे लावून अंधारातच निघावं लागतं. २०२३ साली इथे सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसला, किंवा त्याच्याही वर चढत राहिला होता. त्यावर आमच्यातल्या एका नागपूरकराने "आमच्याकडे मे महिन्यात याहून जास्त असतं" असं म्हणून एकच बाटली पाणी घेतली. दादांनी त्याला तिथल्या तिथे निळ्याचा हिरवा केला आणि स्वतःच्या पाठीवरच्या पिशवीतलं पाणी परतीपर्यंत त्यालाच पाजलं. हे दोन्ही दादाच.

डेझर्ट क्लासिक ही डोंगराच्या पायथ्याने जाणारी, लहान लहान ओढे ओलांडत वरखाली होणारी वाट. ती दादांची कर्मभूमी. इथे दादा सगळ्यांच्या पुढे असतात आणि मागे वळून बोलत असतात. "नजर चाकावर नको, वळणाच्या पलीकडे! जिकडे बघाल तिकडे जाल!" हे खरं आहे. नवा माणूस चोया नावाच्या निवडुंगाकडे भीतीने टक लावून बघतो आणि अचूक त्यातच जाऊन पडतो. "वाळू आली की हँडल घट्ट धरू नका, पुढचा ब्रेक विसरा, हलका गिअर टाका, वजन मागे!" हेही खरं आहे. "वरचे खडे म्हणजे फरशीवर सांडलेले छर्रे समजा. वळणावर ब्रेक मारलात तर संपलात, मारायचा तो आधी!" हे तर शंभर टक्के खरं आहे. दादांबद्दलची पंचाईतच ही आहे की त्यांचं ज्ञान खोटं नाही. त्यांनी सांगितलेलं मी करून पाहिलंय, आणि ते चालतं. न चालणारी त्यात एकच गोष्ट असते.

वाट अवघड झाली की दादा उतरतात.

हे उतरणं बघण्यासारखं असतं. घाबरून उतरणारा माणूस गडबडीने उतरतो. दादा पालखीतून उतरल्यासारखे उतरतात. निळ्या वाटेवर उतरायचं कारण 'मागचे येऊ देत' हे असतं. मागचे येतात, पुढे जातात, दादा अजून मागच्यांची वाट बघत असतात. नॅशनल ट्रेलवर, जिथे दगडांच्या पायऱ्या घसरगुंडीसारख्या खाली उतरतात, तिथे कारण बदलतं. तिथे दादा 'लाइन बघतात'. सायकल बाजूला निजवायची, पायी खाली जायचं, खालून वर बघायचं, वर येऊन खाली बघायचं, हवेत बोटाने रेघ काढायची. "डावीकडच्या दगडावरून घ्यायचं, मग चाक मोकळं सोडायचं, अजिबात थांबायचं नाही." मग एकेक जण त्या रेघेवरून खाली जातो. बहुतेक सगळे सुखरूप उतरतात, कारण रेघ बरोबर असते. सगळे गेल्यावर दादा म्हणतात, "आता माझा मोमेंटम गेला," आणि सायकल कडेवर घेऊन खाली येतात.

दोन काळ्या हिऱ्यांवर मात्र दादांना भूगर्भशास्त्राची आठवण होते. सेडोना गावात हँगओव्हर नावाची वाट आहे. एका बाजूला लाल दगडाची भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि मधला दगड दरीच्या दिशेने कललेला. तिथे दादा पूर्ण वेळ पायीच होते, पण त्यांनी ते आम्हाला जाणवू दिलं नाही. हा वाळूचा दगड २५ कोटी वर्षांहून जुना आहे, त्यातल्या लोखंडाला गंज चढला म्हणून तो लाल झाला, असं सांगत, भिंतीवरून मायेने हात फिरवत, ते असे चालले होते की सायकलवर बसलेल्या आम्हालाच आपण पर्यटक असल्यासारखं वाटू लागलं. शेवटी पार्किंगला थांबलेल्या वहिनींनी फोनवर विचारलं, "अहो, चालत येताय का?" दादा म्हणाले, "रेंज नाहीये."

वहिनी सायकल चालवत नाहीत. त्या गाडी चालवतात, म्हणजे आम्हाला वर सोडतात आणि खाली येऊन थांबतात. थर्मासमध्ये चहा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. दादा सगळ्यांच्या रंगाविषयी बोलतात. वहिनींचा रंग त्यांनी आजवर काढलेला नाही.

पण वाळवंटात अडचण आली की सगळे दादांकडेच धावतात, हेही लिहिलं पाहिजे. दादांच्या डोक्यावर केस नाहीत आणि पिशवीत कायम कंगवा असतो. चोयाचा काटेरी गोळा पोटरीला चिकटला तर हाताने ओढायचा नसतो, तो मग हाताला चिकटतो. त्याच्याखाली कंगवा घालून झटक्यात उडवायचा. दादा हे इतक्या सफाईने करतात की माणूस ओरडेपर्यंत काटा पलीकडच्या झुडपात गेलेला असतो. मागे राहिलेल्या कुसांसाठी चिमटा असतो. सराटे तर आपलेच. देशावर अनवाणी पायात घुसायचे तेच इथे टायरमध्ये घुसतात. नव्या माणसाचं चाक बसलं की बाकीचे "आम्ही पुढे थांबतो" म्हणून निघून जातात आणि थांबत नाहीत. दादा थांबतात. ट्यूब काढतात, टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधतात, ट्यूबलेस टायरमध्ये घालायचं ते चिकट द्रव भोक आपोआप कसं बुजवतं यावर व्याख्यान देतात आणि शेवटी त्याला त्याचा रंग पुन्हा एकदा सांगतात.

गेल्या वसंतात आम्ही मोआबला गेलो. युटामधलं हे गाव म्हणजे या मंडळींची पंढरी. गाडीने दिवसभराचा प्रवास, दादांचं बोलणं धरून त्याहून जास्त. तिथली स्लिकरॉक ट्रेल १९६९ साली आखली ती मोटरसायकलींसाठी. सायकलवाल्यांना तिचा शोध नंतर लागला. वाट म्हणजे माती नाहीच, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या टेकड्यांची दगड झालेली वाळू, आणि तिच्यावर मारलेले पांढरे पट्टे. पट्टा दिसेल तिकडे जायचं. घोड्यांचे नाल घसरायचे म्हणून जुन्या लोकांनी हिला निसरडी म्हटलं. रबराचं टायर मात्र तिला असं धरतं की चढ अंगावर येत असतानाही चाक सुटत नाही. सुटतो तो माणसाचा धीर.

पार्किंगमध्ये दादांनी वर्णव्यवस्था लावली. काळे आणि निळे मोठ्या फेरीला, हिरवे प्रॅक्टिस लूपला, आणि हिरव्यांना एकटं सोडता येत नाही म्हणून दादा त्यांच्याबरोबर. वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही, अशी तंबी दिली. तिथल्या मातीवर काळपट खरखरीत पापुद्रा असतो. तो जिवंत आहे, शेवाळ आणि जिवाणूंनी विणलेला, आणि एका पावलाने मोडला तर भरून यायला कित्येक वर्षं लागतात. या बाबतीत दादा कुणाचंही ऐकत नाहीत. एका धिप्पाड अमेरिकन माणसाला त्यांनी हाताला धरून दगडावर परत आणलं होतं.

घोळ असा होता की प्रॅक्टिस लूप नुसती लांबीने लहान आहे. चढ तेच, उतार तेच, दगड तोच. पहिल्याच चढापाशी दादा उतरले आणि लाइन बघू लागले. हिरव्यांमध्ये एक मुलगी होती, बारामतीकडची, नुकतीच नोकरीला लागलेली. कॉलेजला असताना धाकट्या बहिणीला डबलसीट घेऊन मुरमाच्या रस्त्याने रोज जायची, एवढंच तिचं सायकलचं शिक्षण. दादांची रेघ अजून हवेतच होती. ती म्हणाली, "दादा, जरा बाजूला होता का?" आणि गेली. चढली. माथ्यावर क्षणभर दिसली आणि पलीकडे नाहीशी झाली. तिच्या मागून दुसरा गेला, अर्ध्यावर थांबला, पाय टेकून पुन्हा निघाला. तिसरी चालत गेली, पण हसत.

दादा सायकल हातात धरून, पट्ट्यापट्ट्याने, शेवटच्या टेकाडावर पोहोचले तेव्हा ती मुलगी वहिनींबरोबर पुरी खात बसली होती. गुडघा थोडा खरचटला होता. तिने तोंड पुसलं आणि अगदी मनापासून विचारलं, "दादा, हा आता कुठला रंग झाला?"

दादांनी मागे दगडाकडे पाहिलं, तिच्या गुडघ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहणं टाळलं.

"हा?" ते म्हणाले, "हा प्रॅक्टिसचा आहे. याला रंग नसतो."