जमिनीपासून अकरा सेंटिमीटर

स्पोर्ट्स कार विकत घेणं आणि ती घेतल्यावर स्वतःबद्दलचं मत चांगलं राखणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिलीसाठी बँका आहेत. दुसरीसाठी मराठीत एखादी पुस्तिका लेखकाच्या पाहण्यात नाही, म्हणून हा उपद्व्याप. लेखकाजवळ स्वतःची स्पोर्ट्स कार नाही. परंतु लेखकाचे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, भोसरी एमआयडीसीत पत्र्याचे सुटे भाग करतात आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांनी एक पोर्शे ९११ घेतली, सेकंडहँड. तिच्या डाव्या सीटवर बसून केलेला अभ्यास इथे नियमरूपाने मांडला आहे. नियम मोडणाऱ्याला शिक्षा सांगितलेली नाही. ती गाडीच देते.

नियम १. उत्तरं पाठ ठेवावीत.

पेट्रोल पंपावरचा मुलगा, सोसायटीचा वॉचमन, बँकेतून निवृत्त झालेले शेजारी आणि चौकातला हवालदार, चौघांचाही पहिला प्रश्न एकच असतो: "अ‍ॅव्हरेज काय देते?" हॉर्सपॉवर किती, शून्यावरून शंभर किती सेकंदांत, हे सगळं दाजींनी पाठ केलं होतं, ते कुणी विचारत नाही. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी ९०१ नावाने मांडली होती, मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक आमचे आहेत अशी प्युजोने हरकत घेतली आणि म्हणून ती ९११ झाली, ही गोष्ट तर दाजी अगदी ओठांवर घेऊन फिरतात. ती ऐकायला फक्त मी उरलो आहे. गाडी शहरात सहा-सात देते. हे खरं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जी दया उमटते ती कुठल्याही स्वाभिमानाला झेपणारी नाही. तेव्हा मान किंचित तिरकी करून "हायवेला बरं देते" एवढंच म्हणावं. हे वाक्य मारुती ८०० च्या काळापासून चालत आलं आहे आणि त्याने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही.

दुसरा प्रश्न, "केवढ्याला पडली?" दिल्लीत म्हणे याचं उत्तर वाढवून सांगतात. पुण्यात ते उतरवून सांगायचं असतं. दाजी "सेकंडहँड आहे हो" म्हणतात, आणि तेही अशा सुरात की जुन्या बाजारातून स्टोव्ह आणला असावा. परदेशातून तयार आलेल्या अशा गाडीवर आयात शुल्कच शंभर टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे एक गाडी आपल्याला आणि एकाहून थोडी जास्तच सरकारला, हा हिशेब चारचौघांत उलगडू नये. सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, तर तिच्यावरचं शुल्कच एक कोटीच्या वर निघालं. सरकारने ते माफ केलं, त्यावरून ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी पैसे फियाटने भरले. जिथे एकोणतीस शतकं कमी पडली तिथे भोसरीतल्या प्रेस शॉपची काय कथा.

नियम २. नंबर प्लेट आधी पाहावी.

हा नियम दाजींना कुणी सांगितला नाही. गाडीचा पहिला मालक मुंबईचा. राज्यातल्या राज्यात गाडी हस्तांतरित झाली की नंबर तोच राहतो. त्यामुळे दाजी कारखान्याच्या दारात गाडी उभी करतात तेव्हा वजनकाट्यावरचा माणूस विचारतो, "साहेब, मुंबईचे पाहुणे आलेत का?" एकदा तर एका सप्लायरने दाजींनाच ड्रायव्हर समजून चहा बाहेर पाठवला. दाजींनी तो प्याला. चांगला होता म्हणाले.

नियम ३. शास्त्राधार जवळ असावा.

या विषयावर परदेशात खरोखर संशोधन झालेलं आहे, आणि नातेवाईक टोमणे मारू लागले की ते कामी येतं. २००९ साली माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या गॅड साद आणि जॉन वोंगास यांनी काही तरुणांना एकदा पोर्शे चालवायला दिली आणि एकदा जुनाट टोयोटा कॅमरी. भर गर्दीत आणि मोकळ्या हायवेवरही. मधेमधे त्यांची लाळ तपासून टेस्टोस्टेरॉन मोजलं. पोर्शेत ते वाढलं, आणि विशेष म्हणजे बघायला कुणी नसतानाही वाढलं. हा निष्कर्ष प्रस्तुत लेखकाला अडचणीचा आहे. दाजी दर रविवारी पहाटे मला उठवतात ते बघणारं कुणीतरी लागतं म्हणून, अशी माझी पक्की समजूत होती.

दुसरा प्रयोग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या मानसशास्त्रज्ञांचा, २०२३ चा. हा ज्येष्ठांसमोर सांगू नये. पुरुषांना त्यांच्या एका खासगी मापाविषयी मुद्दाम खोटी सरासरी सांगण्यात आली, काहींना १८ सेंटिमीटर, काहींना १०. सरासरी मोठी ऐकून जे मनातल्या मनात लहान झाले, त्यांना स्पोर्ट्स कार जास्त हवीशी वाटली. त्यातही तिशी ओलांडलेल्यांना. संशोधकांनी पाहणी इथेच थांबवली. गाडी घरी आल्यानंतर त्या माणसाची सेंटिमीटरची चिंता कुठे सरकते, हे पाहायला त्यांनी कोथरूडला यायला हवं होतं. गाडीच्या पोटाखाली जेमतेम अकरा-बारा सेंटिमीटर जागा असते. आता वाचकांनी सावरून बसावं, कारण पुढचा नियम मोठा आहे.

नियम ४. गतिरोधक.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यावर १० सेंटिमीटर उंच असावा असं छापलेलं आहे. म्हणजे कागदावर दाजींची गाडी एका बोटाच्या अंतराने सुटते. प्रत्यक्षात आपल्याकडचा गतिरोधक मानकातून जन्माला येत नाही. कोपऱ्यावर कुणाची तरी स्कूटर घसरते, रस्त्याच्या कामातलं डांबर उरलेलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत हातभर रुंदीचा एक उंचवटा उभा राहतो. त्यावर पट्टे पुढच्या निवडणुकीला येतात.

तो ओलांडण्याची पद्धत अशी. समोरून सरळ जाऊ नये. गाडी तिरकी घ्यावी, म्हणजे एकेक चाक चढतं आणि पोट मधोमध टेकत नाही. ब्रेक अगोदर लावून वेग मारावा, पण चाक चढायच्या क्षणी ब्रेकवर पाय नसावा. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली झुकतं आणि नेमकी तीच बोटभर जागा जाते. नव्या गाड्यांत नाक चारेक सेंटिमीटर वर उचलणारं बटण मिळतं, पण ते जादा पैसे भरून. पहिल्या मालकाने ते घेतलेलं नाही. मुंबईच्या त्या गृहस्थाविषयी दाजी सहसा वाईट बोलत नाहीत; दर गतिरोधकाला एकदाच बोलतात.

बटण नसल्यामुळे मी आहे. "पाव्हणं, उतरा जरा." मी उतरतो. त्याने गाडी काही किलोने हलकी होते हा एक फायदा. माझं वजन पाहता तो किरकोळ नाही. मग मी रस्त्यावर उकिडवा बसून मोबाइलच्या उजेडात गाडीच्या पोटाखाली बघतो आणि हाताने खुणा करतो. मागे रिक्षा, टेम्पो, स्कूलबस ताटकळलेली. मुलं गाडीचं व्हिडिओ शूटिंग करतात. त्या सगळ्या व्हिडिओंत माझी पाठ आहे. दाजी काच खाली करून दर वेळी विचारतात, "लागली का?" आणि तो आवाज कोटीची गाडी चालवणाऱ्याचा नसतो, दवाखान्याच्या बाहेर थांबलेल्याचा असतो. गाडी माणसाला ऐटबाज बनवते असं म्हणणाऱ्यांनी पौड रोडला संध्याकाळी सहानंतर उभं राहून बघावं. इतका नम्र माणूस मी दाजींच्यात तीस वर्षांत पाहिला नव्हता. एरवी ते प्रेसच्या आवाजावरून ओरडायची सवय असलेले.

नियम ५. वेग.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा आहे, कारला वेगमर्यादा ताशी १०० आणि घाटात त्याहूनही कमी. आता जागोजाग कॅमेरे बसले आहेत. ही गाडी शून्यावरून शंभर साधारण चार सेकंदांत गाठते. म्हणजे टोलनाक्यावरून निघाल्यावर चार सेकंदांत कायदेशीर मजा संपते, आणि उरलेला एक्सप्रेसवे शेजारच्या वॅगन आरच्या बरोबरीने कापायचा असतो. वॅगन आरमध्ये मागे आजी बसलेली असते. ती वरून खाली बघते.

नियम ६. वडीलधाऱ्यांना बसवू नये.

बसवलंच तर उतरवण्याची तयारी ठेवावी. योग्य रीत: दार पूर्ण उघडावं, आधी दोन्ही पाय एकदम बाहेर टाकून जमिनीवर टेकवावेत, मग एक हात दाराच्या चौकटीवर आणि एक उंबऱ्यासारख्या खालच्या कडेवर ठेवून पुढे झुकत उठावं. आधी एक पाय बाहेर काढून दुसरा आत ठेवला की माणूस अडकतो. दाजींच्या आत्या अशाच अडकल्या. लग्नाच्या हॉलसमोर, सनई चालू असताना. बाहेर आल्यावर पदर सारखा करत म्हणाल्या, "एवढे पैसे मोजून पाटावर बसवतोस होय रे?"

नियम ७. मोठ्या हॉटेलात किल्ली व्हॅलेच्या पोराला द्यावी. पोर्चमध्ये गाडी लावताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो गाडीच्या किमतीत धरावा.

नियम ८. टायर.

हा नियम मात्र चेष्टेचा नाही. अशा गाड्या फार फिरत नाहीत, त्यामुळे टायरची नक्षी नवीकोरी दिसते आणि माणूस फसतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे, नक्षी काही का म्हणेना. रबर जुनं झालं की कडक होतं आणि ओल्या वळणावर पकड सोडतं. त्यात या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. वळणात घाबरून एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात आणि जुन्या मॉडेलांत तर मागचा भाग बाहेर पडायलाच बघायचा. म्हणून वेग वळणाआधी कमी करायचा आणि वळणात पाय स्थिर. हे मला दाजींनी ताम्हिणीच्या रस्त्याला पिरंगुटच्या पुढे सांगितलं, सकाळी सहाच्या आत, आणि सांगताना त्यांचा आवाज प्रथमच कुणाची परवानगी मागत नव्हता.

गाडी चालू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं ते तिला दामटत नाहीत. इंजिनाचं पाणी लवकर तापतं, तेल उशिरा. काटा पाण्याचा बघून फसू नये, तेलाचा बघावा. हे त्यांना मॅन्युअल वाचून कळलेलं नाही. ऐन उमेदीत रद्दीच्या दुकानातून परदेशी मोटारींची जुनी मासिकं किलोवर आणून वाचलेला हा माणूस आहे. त्यानंतरचं सगळं आयुष्य त्यांनी इतरांच्या गाड्यांसाठी ब्रॅकेट दाबण्यात घालवलं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक पडला तरी माल परत. त्यांचा पत्रा लोकांच्या बंपरच्या मागे असतो. तो दिसला म्हणजे अपघात झालेला असतो. त्यांनी स्वतःची अशी एक गाडी घेतली आणि पहिल्या दिवशी काय केलं असेल, तर जमिनीवर आडवे पडून खालचे ब्रॅकेट बघितले. "वेल्डिंग बघा, पाव्हणं," म्हणाले. बघितलं. छान होतं. मला वेल्डिंगमधलं काही कळत नाही, पण माँट्रियलच्या त्या संशोधकांनी त्या क्षणी दाजींची लाळ तपासायला हवी होती.

नियम ९. पार्किंगच्या उतारावर, सोसायटीच्या सेक्रेटरींशी आणि पावसाळ्यात वाद घालू नये.

नियम १०. पत्नी.

या विषयावर ताईचा दाखला पुरेसा आहे. तिने सुरुवातीला गाडीत बसायला साफ नकार दिला. मग एक दिवस तिची स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला होती आणि दाजी कारखान्यात. तिने किल्ली घेतली आणि मंडईत गेली. या गाडीचं इंजिन मागे असल्याने सामानाची जागा पुढे, बॉनेटखाली. तिथे तिने मेथी, कोबी आणि दहा किलोचं तांदळाचं पोतं नीट बसवलं. गतिरोधकांवर ती तिरकी झाली नाही, थांबली नाही, कुणाला खाली उतरवलं नाही. ती फियाट पद्मिनीवर शिकलेली आहे आणि अजूनही फियाटच चालवते आहे अशा थाटात सगळं चालवते. घरी आली. दाजींनी नंतर लपून खाली वाकून पाहिलं. एक ओरखडा नव्हता. "कशी वाटली?" असं त्यांनी फार आशेने विचारलं, तर ताई म्हणाली, "पुढे भाजी चांगली मावते." आता दर गुरुवारी ती नेते.

नियम ११. मेहुण्याला गाडी चालवायला द्यावी.

हा नियम सर्वांत महत्त्वाचा असून तो शेवटी का ठेवला आहे हे सुज्ञांना कळेल. मेहुणा रविवारी पहाटे पाचला उठतो. मेहुणा ९०१ ची गोष्ट दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकतो. मेहुण्याची पाठ शहरभर लोकांच्या मोबाइलमध्ये आहे. मेहुण्याचं लायसन्स चालू आहे, त्याला टायरवरचे चार आकडे वाचता येतात, वळणात पाय उचलायचा नाही हे त्याला ठाऊक आहे, आणि गाडी तापेपर्यंत थांबायचीही त्याची तयारी आहे. पिरंगुट ते पौडपर्यंत दिली तरी चालेल. दाजी मासिकं अजूनही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, जाहिरातींसकट. तेव्हा हे त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.