पीठ मागेल तेवढे ग्रॅम

पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या भाचीने इलेक्ट्रॉनिक काटा घेतला आणि पारनेर तालुक्यातल्या आमच्या आईच्या स्वयंपाकाचं लेखापरीक्षण सुरू झालं. पहिला नंबर लागला हुलग्याच्या शेंगोळ्यांचा.

"आजी, पीठ किती ग्रॅम?"

"दोन वाट्या."

"कोणती वाटी?"

"आपली ती. नाव घातलेली."

त्या वाटीवर आमच्या मामांचं नाव आहे, लग्नाची तारीख आहे. मिलिलिटर तेवढे नाहीत. पण म्हणून तिला कमी लेखायचं कारण नाही. पॅरिसजवळ सेव्हर्सला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा काचेच्या घुमटाखाली जपून ठेवला होता, तो म्हणजे जगाचा किलो. 2019 साली त्याचीही गादी गेली आणि किलोची व्याख्या भौतिकशास्त्रातल्या एका स्थिरांकावर बसवली. मामांची वाटी अजून पदावर आहे.

भाचीने तीच वाटी काट्यावर ठेवली. पीठ हलक्या हाताने भरलं तर नव्वद ग्रॅमच्या आसपास. डब्यात वाटी खुपसून, वर दोनदा आपटून भरलं तर एकशेदहाच्या पुढे. साखर दीडशेच्या घरात आणि पातळ पोहे साखरेच्या जेमतेम पावपट. "आजी, तू आपटून भरतेस की न आपटता?" या प्रश्नावर आई म्हणाली, "राग आलेला असला की आपटते."

आईला दोष देऊन उपयोग नाही. ती वाढली तो सगळा मुलूखच मापाचा. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. इथवर सगळ्यांचं एकमत. शेर केवढा, यावर गावागणिक भांडण. ज्वारीची पायली आणि करडईची पायली वजनाला सारखी भरत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शिवाय भानगड शिगेची. घेताना पायली शिगोशीग भरायची आणि देताना तीच पायली वरून हात फिरवून सपाट करायची. 1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आणली आणि शेर-पायलीला हळूहळू घरी बसवलं. व्यवहार चोख झाला, पण शीग सोडायला जागा उरली नाही. काट्यावर दोनशे म्हणजे दोनशे. पाहुण्याला आणि सावकाराला सारखेच.

तरी भाचीने नेटाने तक्ता केला. हुलग्याचं पीठ, ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं, सगळं ग्रॅममध्ये. गाडी अडली पाण्यापाशी.

"पीठ मागेल तेवढं," आई म्हणाली.

"आणि मीठ?"

"ते खाणारी तोंडं बघून."

भाचीने दोन्ही उत्तरं तक्त्यात जशीच्या तशी लिहिली. परवा पुण्याहून तिचा फोन आला: शेंगोळे झकास जमले. वजनं कितपत उपयोगी पडली, असं विचारलं, तर म्हणाली, "काट्याचे सेल संपले होते, मामा."