अंदमानात पाण्यात उतरण्याची शास्त्रोक्त पद्धत

मराठी कुटुंब अंदमानला जातं ते सेल्युलर जेल पाहायला. समुद्र पॅकेजमध्ये येतो. सातव्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कोठडीपुढे हात जोडून झाले, कोलूजवळ गळा दाटून आला, की रात्री जेवणाच्या टेबलाशी टूर मॅनेजर जाहीर करतो, ‘‘उद्या हॅवलॉक. परवा वॉटर स्पोर्ट्स. कपडे भिजतील असेच घाला.’’ या वाक्यानंतर टेबलावर जी शांतता पसरते, तिच्यात सापडलेल्या प्रवाशांसाठी हे मार्गदर्शन आहे.

हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम. बोटीवर बसताना दोन्ही नावं ठाऊक असलेली बरी, नाहीतर आपल्याला भलत्याच बेटावर नेत आहेत असं वाटून एखादे काका उतरायला निघतात.

आधी वेळेविषयी. अंदमान आहे ९२-९३ रेखांशावर आणि घड्याळ चालतं ते मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशाचं. परिणामी डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. दुपारी मासे-भात जेवून ‘जरा पाठ टेकतो’ म्हणणाऱ्या गृहस्थांनी राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त इतरांच्या मोबाइलवर पाहावा. त्यात कमीपणा नाही. पुष्कळ जण तसाच पाहतात.

पोशाखाबद्दल विनाकारण संकोच केला जातो. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतचं लेगिंग आपण लाजेखातर घालतो. पण उन्हापासून आणि जेलीफिशपासून बचाव म्हणून पट्टीचे पोहणारेही हल्ली अंगभर कपडे घालून उतरतात. तेव्हा ताठ मानेनं उतरावं. ऑफिसचे पायमोजे मात्र काढावेत.

हॅवलॉकच्या धक्क्यावरून छोट्या बोटीनं एलिफंट बीचला जातात. पूर्वी इथल्या जंगलात लाकूड ओढायला हत्ती असत आणि ते समुद्रात उत्तम पोहत. राजन नावाचा शेवटचा पोहणारा हत्ती २०१६ मध्ये गेला. सोंड वर काढून श्वास घ्यायची त्याची युक्ती म्हणजेच स्नॉर्कल. फरक एवढाच की हत्तीला कुणी ‘‘अहो, नको, तुम्हाला सर्दी होते’’ असं म्हणत नसे.

स्नॉर्कलिंगला पोहता यावं लागत नाही. आपण रबरी रिंगला धरून पालथं तरंगायचं, गाइड रिंग ओढत नेतो. खरी अडचण मिशांची आहे. मिशांमुळे मुखवटा ओठावर नीट चिकटत नाही आणि नाकात खारं पाणी शिरतं. यावर ओठाच्या वरच्या कडेला व्हॅसलीन लावणं किंवा मिशी थोडी कातरणं हे दोनच उपाय आहेत. दुसरा उपाय सुचवताना गाइडनं गिऱ्हाइकाचं वय, हुद्दा आणि तालुका लक्षात घ्यावा. काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकी लावून मुखवटा विसळतात, हेही सोवळ्यातल्या काकूंना मुखवटा लावून झाल्यावरच सांगावं.

केस भिजवायचे नसतील तर सी-वॉक. डोक्यावर अवजड हेल्मेट येतं, वरून नळीनं हवा येते, गळ्यापर्यंत पाणी आणि चेहरा कोरडा. चष्मासुद्धा काढावा लागत नाही. समुद्राच्या तळाशी दांडी धरून, चष्मा लावून, सावकाश चालायचं. मराठी माणसाच्या स्वभावाचा इतका विचार दुसऱ्या कुठल्याही जलक्रीडेनं केलेला नाही. बनाना बोटीबद्दल बोलण्यासारखं फार नाही: ती शेवटी मुद्दाम उलटवतात, आणि ‘आमची उलटवू नका’ असं आधी सांगितलं तरी उलटवतात.

आता स्कूबा. याचा फॉर्म भरावा लागतो. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का? एरवी बसमध्ये शेजारी बसेल त्याला आपल्या गोळ्यांची नावं सकाळ-संध्याकाळच्या क्रमानं सांगणारे काका इथे सगळीकडे ‘नाही’ लिहितात. हे करू नये. थट्टेचा भाग सोडून सांगायचं तर, या एका कागदावर खरं बोलावं आणि गरज पडल्यास काठावर बसून नारळपाणी प्यावं.

खाली जाताना कान दुखू लागले तर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. श्वास तोंडानं घ्यायचा आणि कधीही रोखून धरायचा नाही, कारण वर येताना पाण्याचा दाब कमी होतो आणि छातीतली हवा फुगते. प्रशिक्षक पाठीवरची टाकी धरून सोबत असतो, त्यामुळे दिशा ठरवण्याचं काम आपल्याकडे नसतं. बोलताही येत नाही. घरात पंखा किती नंबरवर असावा हेही ठरवणाऱ्या मंडळींना हा काळ फार जड जातो.

उरल्या खुणा. इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. अंगठा वर करणं म्हणजे ‘मला वर न्या’. रंगीत मासा दिसला, मन भरून आलं, प्रशिक्षकाला ‘वा!’ म्हणावं म्हणून अंगठा दाखवला, की तो तत्परतेनं आपल्याला बोटीजवळ आणून सोडतो. ‘झकास’ म्हणताना आपण अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करतो, ते करावं. रात्री खोलीत आरशासमोर सराव करावा. आपल्याकडे कौतुक करण्याची सवयच कमी असल्यामुळे ही खूण लवकर अंगवळणी पडत नाही.

प्रवाळाला हात लावू नये, त्यावर उभं राहू नये. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा देवघरासाठी उचलू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्यालाही लागू आहे आणि विमानतळावरचा जवान बॅग उघडतो तेव्हा शोकेस, नातू आणि श्रद्धा ही तिन्ही कारणं त्यानं आधी ऐकलेली असतात. मगरीच्या धोक्याची पाटी दिसली तर तिच्यापुढे फोटो काढावा, पण कोरड्या बाजूनं.

स्कूबा परतीच्या आदल्या संध्याकाळी ठेवू नये. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून विमानात बसण्याआधी किमान बारा, शक्यतो अठरा तास जाऊ द्यावेत. हे तास व्हिडिओ पाठवण्यात घालवावेत. २०२० मध्ये चेन्नईहून अंदमानपर्यंत समुद्राच्या तळातून सुमारे २,३०० किलोमीटर लांब ऑप्टिकल फायबर केबल टाकली गेली, ती बहुधा याच कामासाठी. व्हिडिओत तोच भाड्याचा काळा सूट, तोच मुखवटा, तोंडात तीच नळी. पहिल्यांदा पाहताना अभिमान वाटतो. तिसऱ्यांदा पाहताना पोटाचा घेर जरा वेगळा वाटू लागतो. पाचव्यांदा लक्षात येतं की हे आपण नसून बससीट क्रमांक चौदावरचे निवृत्त बँक मॅनेजर आहेत. तोवर व्हिडिओ सोलापूरच्या आत्यांपर्यंत पोहोचलेला असतो आणि त्यांचं उत्तरही आलेलं असतं: ‘दादा, बारीक झालास.’ ते पुसू नये.