बंद म्हणजे नक्की किती बंद?

‘न्यूट्रलची गरज नाही’ फेम स्मार्ट स्विचचे उत्पादक यांस,

स. न. वि. वि.

आपला स्विच आमच्या भिंतीत विराजमान झाला, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. मोबाइलवरून दिवा लागतो. मोबाइलवरून तो विझतोही, असं आपलं ॲप म्हणतं. दिव्याचं मत वेगळं आहे. ॲपमध्ये ‘ऑफ’ दिसत असताना हॉलमधला 9 वॅटचा एलईडी थोड्या थोड्या वेळाने डोळा मारतो आणि पॅसेजमधला रात्रभर मिणमिणतो. आई मात्र खूश आहे. तिला फुकटात झिरोचा बल्ब मिळाला.

आपल्या ग्राहक सेवेतल्या ताई फार गोड बोलल्या. ‘स्विच ओके आहे सर, कम्पॅटिबल बल्ब घ्या.’ कुठला? ‘चांगल्या कंपनीचा.’ इलेक्ट्रिकच्या दुकानात तो मागितला. दुकानदाराने काउंटरवरच्या होल्डरमध्ये एकेक बल्ब लावून दाखवला. सगळे शहाण्यासारखे लागले, शहाण्यासारखे विझले. कारण काउंटरवर बारा आण्याच्या अकलेचा साधा खटका होता. बल्ब घरी आणल्यावर पुन्हा डोळा मारणं सुरू.

शेवटी वायरमन आला. ॲप ‘ऑफ’ सांगत असताना त्याने होल्डरच्या पिनेला टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. आपल्या चकचकीत माहितीपुस्तिकेत जे नव्हतं ते त्याने स्टुलावर उभ्या उभ्या सांगितलं. आपल्याकडे फेज स्विचमधून फिरवतात आणि न्यूट्रल परस्पर होल्डरला नेतात. ज्या बोर्डात प्लग आहे तिथे न्यूट्रल सापडतो. नुसत्या खटक्यांच्या बोर्डात बहुधा नाही. आपल्या स्विचला तर वायफाय धरून चोवीस तास जागं राहायचं. त्यासाठी लागणारा करंट तो बल्बमधूनच ओढतो, दिवा बंद असतानासुद्धा! 60 वॅटच्या पिवळ्या बल्बला याचा पत्ता लागत नसे; तेवढ्याशा करंटने त्याची तार तापतही नाही. एलईडीच्या पोटात मात्र ड्रायव्हर असतो. त्यातला कपॅसिटर हा चोरटा करंट साठवत बसतो, पुरेसा साठला की दिवा चमकतो, साठा संपतो, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आपल्या डिमरबद्दल न बोललेलंच बरं. साध्या एलईडीच्या खोक्यावर ‘डिमरवर वापरू नये’ असं लिहिलेलं असतं, मुंगीने वाचावं इतक्या बारीक टायपात. तेवढी तरी लाज बल्बवाल्यांना आहे.

वायरमनने त्याच स्विचवरच्या दुसऱ्या होल्डरमध्ये माळ्यावरचा जुना 40 वॅटचा पिवळा बल्ब लावला आणि डोळा मारणं जागच्या जागी थांबलं. वीज वाचवणाऱ्या दिव्याला वळण लावायला वीज खाणारा दिवा! हेच काम दिव्याला समांतर जोडलेला छोटा बायपास कपॅसिटर करतो. काही कंपन्या तो खोक्यातच देतात. आपण स्टिकर दिलात.

उजाला योजनेतून सरकार 2015 पासून घरोघरी एलईडी वाटत होतं. आपला स्विच त्यानंतर बाजारात आला. भारतातल्या घरात कुठला बल्ब असेल, हे ओळखायला आपल्याला ज्योतिषी लागत होता का?

तेव्हा विनंती एवढीच: ‘न्यूट्रलची गरज नाही’ ज्या टायपात छापता, त्याच टायपात शेजारी ‘किमान किती वॅटचा लोड हवा’ तेही छापा आणि कपॅसिटर खोक्यात टाका. स्टिकर नको.

आणि हे पत्र वाचणाऱ्यांनो, स्विच मागवण्याआधी वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या. न्यूट्रल असेल तर न्यूट्रलवाला स्विच घ्या. मग नुसत्या चालू-बंदसाठी घरातले एलईडी बदलायची गरज सहसा पडत नाही. आणि असा बिनन्यूट्रलचा स्विच बसलाच असेल, तर बल्ब बदलताना ॲपवर विसंबू नका, आधी एमसीबी पाडा.

कळावे,
आपला नाइलाजाने ग्राहक