कॅमेरा-खरेदीची वजनमापं

हौशी छायाचित्रकाराने कॅमेरा आणि लेन्स कशा निवडाव्यात, या प्रश्नाचा आजवर इतका अभ्यास झाला आहे, की त्यातून फोटो काढायला कोणाला सवड कशी मिळते याचंच नवल वाटावं. या विषयाच्या अभ्यासकाला सेन्सरची मापं तोंडपाठ असतात आणि कोणत्या बॉडीत किती फोकस पॉइंट आहेत हे तो झोपेतही सांगतो. शेजारच्या घरातलं बारसं मात्र तो मोबाइलवर काढतो. कॅमेरा कपाटात असतो, कपाटापुढे इस्त्रीचे कपडे असतात, आणि ‘एवढ्याशासाठी कुठे ती बॅग काढा’ हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ असतं. अभ्यासात कसूर नव्हती, फक्त एक ओळ वाचायची राहिली. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात पार तळाशी, बॅटरीच्या नावाच्या आसपास, ग्रॅममध्ये एक आकडा छापलेला असतो. प्रस्तुत मार्गदर्शनाचा सिद्धान्त असा, की हौशी माणसाने निवड करताना प्रथम तो आकडा पाहावा आणि बाकीचं माहितीपत्रक सवडीने, जमल्यास खरेदीनंतर, वाचावं. साधन एकच लागतं. रवा-मैदा मोजायचा स्वयंपाकघरातला काटा.

आता या सिद्धान्ताला पहिला विरोध मेगापिक्सेलवाल्यांचा होणार, म्हणून त्यांचा हिशेब आधी करू. घरातल्या फोर-के टीव्हीचा पडदा ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपक्यांचा असतो. भिंतीवर लावायला ८ बाय १२ इंचाचा प्रिंट इंचाला ३०० ठिपके धरून काढला, तर ८६ लाख पुरतात. म्हणजे २४ मेगापिक्सेलचा साधा कॅमेराही या दोन्ही गरजांच्या जवळजवळ तिप्पट देतो. तरी माणसाला ४५ हवे असतात, कारण ते २४ च्या दुप्पट आहेत असं त्याला वाटतं. क्षेत्रफळाने जवळजवळ आहेतही. पण एका बाजूला मोजलं तर ६००० ठिपक्यांचे सव्वाआठ हजार होतात, म्हणजे वाढ चाळीस टक्क्यांच्याही आत. एवढं करून तो फोटो जातो कुठे, तर ‘आपलं कुटुंब’ नावाच्या व्हॉट्सॲप गटावर, जिथे त्याचा आधी चुरा होतो आणि मग त्याखाली फुलांचे गुच्छ येतात. यावर आक्षेप असा, की मेगापिक्सेल जास्त असले तर मागाहून हवा तेवढा भाग कापून घेता येतो. पक्ष्यांच्या बाबतीत हे खरं आहे. माणसांच्या बाबतीत दोन पावलं पुढे गेलं की कापाकापी लागत नाही. लग्नात दोन पावलं पुढे गेलं की व्हिडिओवाला ओरडतो, हेही मान्य.

खरं वजन मात्र बॉडीत नसतंच, ते लेन्समध्ये असतं, आणि तिथेच भल्याभल्यांचा पाय घसरतो. कॅनन आपल्या मिररलेस बॉडींसाठी ५० मिलिमीटरची एक लेन्स एफ १.८ ची करते आणि एक एफ १.२ ची. पहिलीचं वजन १६० ग्रॅम, दुसरीचं ९५०. जवळजवळ सहापट ओझं वाहून पदरात काय पडतं, तर सव्वादोनपट प्रकाश, म्हणजे एका स्टॉपहून थोडा अधिक. जिथे १.२ वाला आयएसओ १६०० वर काम करेल, तिथे १.८ वाल्याला ३६०० वर जावं लागेल. आजच्या सेन्सरना एवढ्याने घाम फुटत नाही. ‘पण बोके, म्हणजे मागचा तो मऊ धूसरपणा?’ असा प्रश्न येईलच. तेव्हा बोकेचाही हिशेब मांडू. ८५ मिलिमीटरची लेन्स एफ १.२ वर पूर्ण उघडून पाच फुटांवरच्या चेहऱ्यावर फोकस धरला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दोन सेंटिमीटरचा असतो. डोळा साधला तर कान गेला, नथ साधली तर डोळा गेला. मागची जागा तर संपूर्णच जाते. पुण्याहून खास जेजुरीला जावं, पायऱ्या चढाव्यात, आणि फोटोत मागे असा काही पिवळा धूर यावा, की भंडारा उधळला होता की अपर्चर उघडं होतं हे सांगता येऊ नये, याला काय म्हणावं? पोर्ट्रेट हा ज्याचा धंदा आहे त्याला त्या दोन सेंटिमीटरांचे पैसे मिळतात, त्याने जरूर घ्यावी. बाकीच्यांनी आपण जेजुरीला गेलो होतो याचा पुरावा जपावा.

याच संदर्भात किट लेन्सबद्दल एक शब्द बोललाच पाहिजे. बॉडीबरोबर येणाऱ्या १८-५५ ला नावं ठेवल्याशिवाय या पंथाची दीक्षा मिळत नाही. तिचा दोष खरा आहे. संध्याकाळ झाली, घरात शिरलं, की ती आंधळी होते. पण दिवसाउजेडी एफ ८ वर तिने काढलेला कास पठाराचा फोटो आणि तिच्या दसपट किमतीच्या लेन्सने काढलेला फोटो घरच्या टीव्हीवर शेजारी ठेवा आणि ओळखून दाखवा. बिचारीला वाईट म्हणतात ते ती फुकटात आली म्हणून. संध्याकाळसाठी एक हलकी प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, जोडीला घेतली की भागतं. फक्त क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरच्या बॉडीवर पन्नासची लेन्स पंचाहत्तर-ऐंशीसारखी वागते, त्यामुळे दोन बेडरूमच्या घरात पाठ भिंतीला टेकली तरी केक कापणारं पोर आणि आजी एका चौकटीत येत नाहीत. घरासाठी २८ किंवा ३५ बघावी. हा सल्ला इतका साधा आहे, की कोणी देत नाही.

बॉडीच्या बाबतीत फुल फ्रेमवाल्यांचा युक्तिवाद वजनदार आहे. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरचं क्षेत्रफळ क्रॉप सेन्सरच्या साधारण सव्वादोन ते अडीच पट भरतं, आणि तेवढा प्रकाश तो जास्त गोळा करतो. विसर्जनाच्या रात्री हा फरक दिसतो, यात वाद नाही. वाद पुढे आहे. मिररलेस आल्यापासून, आरसा गेला, आता सगळं हलकं झालं, असं सांगितलं जातं. निकॉनचा १९५९ सालचा एफ माउंट लेन्स आणि फिल्म यांच्यात साडेसेहेचाळीस मिलिमीटर अंतर ठेवत होता. २०१८ च्या झेड माउंटने ते १६ वर आणलं आणि बॉडी सडपातळ झाली. मग काट्यावर लेन्स ठेवा. डीएसएलआरसाठीची ५० मिलिमीटर एफ १.८ जी लेन्स १८५ ग्रॅमची होती. झेड माउंटची एफ १.८ एस ४१५ ग्रॅमची आहे. बॉडीने डाएट करावं आणि लेन्सने तिच्या वाटणीचं जेवून घ्यावं, असा हा प्रकार. नवी लेन्स पार कोपऱ्यापर्यंत धारदार आहे, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. ग्रुप फोटोत कोपऱ्यात उभा केलेला चुलत जावई त्याबद्दल ऋणी राहील.

आता गंभीर आक्षेप. पक्षी काढणाऱ्याने काय करावं? भिगवणच्या पाण्यात रोहित पक्षी होडीपासून लांबच राहतो आणि त्याला आपल्या सिद्धान्ताशी कर्तव्य नसतं. तिथे १५०-६०० सारखी, दोन किलोंच्या आसपासची लेन्स लागते, त्याला इलाज नाही. पक्षीवाल्याला आमची पूर्ण सूट आहे, कारण तो जातो. अंधारात उठून, थर्मासमध्ये चहा भरून, खरंच जातो. प्रश्न आहे तो, आपणही जाऊ, असं वाटणाऱ्याचा. त्याने विकत घेण्याआधी दोन किलो तांदळाची पिशवी गळ्यात अडकवून पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढून पाहावा. उतरताना तांदूळ अंगावर असले तर लेन्स घ्यावी. नाहीतर मुंबई-पुण्यात अशा लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, वर्षातून दोन शनिवार-रविवारांसाठी तेवढं पुरतं.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. वृत्तछायाचित्रकार होमाय व्यारावाला साडी नेसून, सायकलवरून दिल्लीभर फिरत स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा वागवत होत्या. मग तुम्हाला कसला आलाय खांदा? आक्षेप मार्मिक आहे, पण गैरलागू आहे. त्या काळच्या वृत्तपत्री कामाला मोठी निगेटिव्ह लागत होती, स्पीड ग्राफिकची चार बाय पाच इंचांची होती. ते ओझं कामाने ठरवलेलं होतं. हौशी माणसाचं ओझं कोणीच ठरवलेलं नसतं, ते तो स्वतःहून, हप्त्यांवर, अंगावर घेतो.

सर्वांत अवघड आक्षेप असा, की वजनच पाहायचं तर दोनशे ग्रॅमचा मोबाइल खिशात आहे, मग मार्गदर्शन कशाला? याला उत्तर द्यायला हवं. सर्वांत हलकं ते घ्या, असं आमचं म्हणणं नाहीच. कुरकुर न करता रोज बरोबर येईल त्यातलं सर्वांत समर्थ ते घ्या, असं आहे. मोबाइल उजेडात उत्तम आहे. पण तिन्हीसांजेला अंगणात धावणारं मूल, किंवा रिंगणात सुटलेला घोडा, इथे तो डगमगतो, कारण त्याचा सेन्सर नखाएवढा असतो आणि उरलेलं तो हिशेबाने भरून काढतो. शिवाय फोटो काढता काढता कॅमेऱ्यावर कर्ज हवंय का विचारणारा फोन येत नाही. एवढ्याने ज्याचं समाधान होत नसेल आणि ज्याला मोबाइलचेच फोटो आवडत असतील, त्याने काहीच घेऊ नये. तोही निकाल काट्याला मान्य आहे. बाकीच्यांनी बॉडी, लेन्स, बॅटरी आणि पट्टा मिळून एक किलोच्या आत राहावं. पट्टा मोजायला विसरू नये.

आणि संख्या आवरावी. आपल्याकडे प्रत्येक लेन्स म्हणजे पावसाळ्यात पोसायचं एक तोंड असतं. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये चामड्याच्या खोक्यात बंद ठेवलेल्या लेन्सला हमखास बुरशी धरते. म्हणून बोराबाजारात जुनी लेन्स बघायला गेलात, तर मागून मोबाइलचा टॉर्च मारून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं, तर किंमत कितीही गोड असो, ठेवून या. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. त्याचे निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले, की मंद आचेवर परतून पुन्हा निळे होतात. कढई मात्र स्वयंपाकाची घेऊ नका.