बिनकामाची फेरी

कर्नाटकच्या सीमेजवळच्या आमच्या दुधनीत मोटारसायकल हे घरातलं कमावतं माणूस आहे. तिच्यावर दुधाच्या किटल्या जातात, खताची पोती जातात, आडतीत दाखवायला तुरीचा नमुना जातो आणि लग्नाला निघालेलं अख्खं बिऱ्हाडही जातं. ती नुसतीच, कशासाठीही नाही, अशी गावाबाहेर पडलेली सहसा दिसत नाही. त्यामुळे ‘रविवारी सकाळी जमू, नाष्टा करू आणि सगळे मिळून गाड्या काढू’ असा बेत निघाला, तेव्हा पहिला प्रश्न आला, “कशाला?”

पुण्याकडच्या मंडळींना हा प्रश्न पडत नाही. ते लोणावळ्याला जाऊन भजी खातात आणि परत येतात. लंडनमध्ये १९३८ साली निघालेलं ‘एस कॅफे’ याच नादापायी जगप्रसिद्ध झालं. तिथली पोरं म्हणे गाणं लावून गाडीवर सुटायची आणि गाणं संपायच्या आत फेरी मारून परत यायची. आमच्या रस्त्यावर म्हशी, ऊस लादलेला ट्रॅक्टर आणि वाटेत भेटणारे पाहुणे धरले, तर ही पैज लावायला रात्रभराचं भजन लागेल.

तरी माणसं जमली. कारण उघड होतं: सुसला. चुरमुरे पाण्यातून काढून घट्ट पिळायचे, कांदा-मिरची-कढीपत्त्याच्या फोडणीत परतायचे आणि वरून डाळ्याची पूड भुरभुरायची. चुरमुरे जास्त भिजले तर लगदा, कमी भिजले तर कुरकुर. हॉटेलवाल्याचा अंदाज मात्र चुकत नाही. सोबत मिरची भजी. “नाष्टा आयतेन्री?” असं कानडीत विचारलं जातं, “झाला की!” असं मराठीत उत्तर येतं आणि पुढची प्लेट मागवली जाते.

गप्पांत एक गोष्ट कळली. गाडी जितकी त्रास देणारी, तितका मालक बोलका. स्प्लेंडरवाले गप्प बसून भजी खात होते, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही घडतच नाही. निवृत्त गुरुजींची येझदी मात्र सगळ्यांना पुरून उरली. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून जावा निघू लागल्या, १९७३ ला त्यांचं नाव येझदी झालं आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. तेव्हापासून पार्ट शोधणं हाच गुरुजींचा प्रवास. बटणावर गाडी चालू करणारं एक कॉलेजचं पोरगं येझदीची किक शोधत दोन्ही बाजूंनी फिरलं. गुरुजींनी गिअरचाच दांडा आत दाबला, वर फिरवला आणि त्याच दांड्यावर पाय ठेवून किक मारली. दोन्ही सायलेन्सरमधून धूर निघाला. पोरगं खिशातला मोबाइल काढायचंही विसरलं.

मग दिशेवरून वाद. एका बाजूला मैंदर्गीवरून अक्कलकोट, दुसरीकडे सीमेपलीकडे गाणगापूर. इकडे स्वामी समर्थ, तिकडे नृसिंह सरस्वती. कुठंही गेलं तरी दत्तालाच पोचणार. घरी सांगायलाही सोय. ‘फिरायला जातो’ म्हटलं तर चौकशी होते, ‘दत्ताला जाऊन येतो’ म्हटलं की हातावर दक्षिणेचे पैसे पडतात. शेवटी गाणगापूर ठरलं. भक्ती होतीच, पण कर्नाटकात पेट्रोल बहुतेक वेळा थोडं स्वस्त पडतं, याचाही त्यात मोठा वाटा होता. बऱ्याच टाक्या सकाळपासून मुद्दामच कोरड्या ठेवलेल्या होत्या!

सीमा ओलांडली की फलकावरची लिपी बदलते, रानातली तूर तीच राहते. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, यावर रस्त्याकडेला गाड्या थांबवून चर्चा झाली. एकानं तर शेंग फोडून दाणा चावून पाहिला. कुठल्या रायडिंग क्लबात हे घडत असेल असं वाटत नाही.

भीमा-अमरजेच्या संगमावर पोचल्यावर खरा प्रकार उघडकीला आला. बिनकामाचं कुणीच आलेलं नव्हतं. कुणाला अफजलपूरकडच्या पाहुण्यांना पत्रिका द्यायची होती, कुणाला फवारणी पंपाचा वायसर हवा होता, कुणाच्या डिकीत बहिणीसाठी शेंगाचटणीचा डबा होता. गुरुजींना कुणीतरी सांगितलं होतं की तिकडं एका गॅरेजात येझदीचा जुना कार्बोरेटर पडून आहे. एक जण प्रामाणिकपणे नुसता आला होता. बायकोचा फोन आल्यावर त्यालाही मुलाची वही आणि अर्धा किलो पेढे अशी कामं लागली.

मला यात काही वावगं वाटत नाही. निर्हेतुक भटकंती शहराला परवडते. आमच्याकडे हेतू नसेल तर गाडीला लाज वाटते, आणि हेतू असला की मजा करायला मन मोकळं होतं. येत्या रविवारी तुम्हीही या. गाडी कोणतीही चालेल. फक्त निघताना घरात विचारून घ्या, येताना काय आणायचं ते.