कॉमन प्रॉब्लेम

वॉरंटीच्या पुस्तिकेत 'तीन वर्षे किंवा ३०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते' असं एक वाक्य असतं. माझ्या मोटारसायकलीच्या बाबतीत तीन वर्षं आधी झाली. त्यानंतर बरोब्बर तेविसाव्या दिवशी आम्ही दोघं पुण्याहून चिपळूणला निघालो. तिथं माझी सासुरवाडी. शिमग्याचे दिवस होते, संध्याकाळी पालखी घरी येणार होती आणि जावयानं पालखीच्या आधी पोचावं एवढीच सासरची माफक अपेक्षा होती.

"एसटीनं जाऊ या," असं बायको आठवडाभर म्हणत होती. मी तिला दुचाकीच्या प्रवासातल्या स्वातंत्र्याबद्दल सांगत होतो.

गाडीला एक खोड होती. तास-दीड तास चालवली की मीटरवरचे आकडे लुकलुकायला लागायचे. थांबून चहा प्यायलो की बरे व्हायचे. मागच्या वर्षभरात चार वेळा मी तिला सर्व्हिस सेंटरला नेलं. ते तिला रात्रभर ठेवून घ्यायचे, सकाळी गार इंजिनावर तपासायचे आणि जॉबकार्डवर 'ओके' लिहायचे. ताप उतरल्यावर थर्मामीटर लावण्यातला हा प्रकार. "असा प्रॉब्लेम आमच्याकडे कधी आलाच नाही, सर," ॲडव्हायझर दर वेळी म्हणायचा. चौथ्या खेपेला त्याच्या आवाजात गाडीपेक्षा माझ्याबद्दलच जास्त काळजी होती.

खंबाटकी चढून गेलो. साताऱ्याच्या अलीकडे मीटर लुकलुकलं, चहा प्यायलो. उंब्रजला हायवे सोडून मल्हारपेठ-पाटणच्या रस्त्याला लागलो. परत लुकलुकलं, परत चहा. "गाडी पेट्रोलवर चालते की चहावर?" बायकोनं मागून विचारलं. पाटणच्या पुढं हॉर्न वाजायचा तो खोकायला लागला. मग एबीएसचा दिवा लागला. बॅटरी वाचवायला म्हणून मी हेडलाइट बंद करायला गेलो, तर बटणच नाही! १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत लागलेलाच राहतो, असा नियम आहे. भर दुपारी, मार्चच्या उन्हात, सूर्यापुढं काजवा दाखवत आम्ही उरलीसुरली बॅटरी जाळत निघालो आणि हेळवाकला गाडी गप्प झाली.

"काय झालं, पावणं?" दोन मिनिटांत सहा माणसं जमली.

"बंद पडली."

"मग धक्का मारायचा की!"

चौघांनी धक्का मारला. गाडी पन्नास पावलं गेली. उलट्या बाजूनं मारला, परत पन्नास पावलं आली. असं तीनदा झाल्यावर शेजारच्या गॅरेजमधून एक वयस्कर मिस्त्री हात पुशीत बाहेर आले.

"इंजेक्शनची गाडी हाय ती. धक्का मारून तिला काय हुतंय? पेट्रोलचा पंपच करंटवर चालतोय. करंट न्हाई तर पेट्रोल न्हाई."

२०२०च्या एप्रिलपासून प्रदूषणाचं बीएस-६ मानक आलं, त्यापाठोपाठ बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला. किक तर माझ्या गाडीला मुळातच नव्हती. म्हणजे बॅटरी मेली की तीन वर्षांची गाडी आणि तीनशे वर्षांची तोफ यांत फरक उरत नाही. दोन्ही फक्त ढकलता येतात.

मिस्त्रींनी बॅटरीला मीटर लावला. दहा पॉइंट आठ. आपली बॅटरी लावून गाडी चालू केली, तरी मीटरचा काटा चौदापर्यंत चढेना. "चालू गाडीला चौदा दावाया पायजे. चार्जिंग व्हत न्हाई." त्यांनी बाजूचं प्लास्टिक काढलं आणि काळपट पडलेला एक डबा बाहेर ओढला. त्याचा पांढरा कपलर भाजून पिवळा झाला होता.

"रेग्युलेटर गेला. ह्या मॉडेलचा कॉमन प्रॉब्लेम हाय ह्यो."

"कॉमन? मला तर सांगितलं, असा प्रॉब्लेम कधी आलाच नाही!"

मिस्त्री आत गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात माझ्या रेग्युलेटरचे सात जळके भाऊ निजले होते.

"क्वाइलीतनं करंट येतोय त्यो उलटसुलट असतोय. त्याला सरळ करायचा आन् जास्तीचा जिरवायचा, ह्ये ह्याचं काम. जिरवता जिरवता ह्यो तापतोय. मग ह्याला वारं लागाय पायजे का न्हाई? कंपनीनं ठिवलाय कुठं? इंजिनाच्या मागं, प्लास्टिकच्या आत!"

"आणि हे सात तुम्ही कशाला ठेवलेत?"

"कंपनीचं कोण इचाराय आलं तर दावायला. अजून कोण आलं न्हाई."

नवा पार्ट चिपळूणला मिळणार होता, आणि मध्ये कुंभार्ली घाट होता. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसलो. जवळच कोयनेचं धरण. तिथलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरतं, पोफळीकडं उतरतं आणि वीज करून वाशिष्ठीला जाऊन मिळतं. सगळी वीजघरं मिळून १,९६० मेगावॉट. महाराष्ट्रात दिवे लावणाऱ्या या मुलखात मला सव्वातीन व्होल्ट कमी पडत होते.

शेवटी एक छोटा हत्ती मिळाला. तो चिपळूणला ढोल घेऊन चालला होता. ढोलांच्या मधोमध गाडी उभी केली, चारी बाजूंनी दोर बांधले. बायको पुढं ड्रायव्हरशेजारी बसली, मी मागं गाडीचं हँडल धरून. कुंभार्लीच्या प्रत्येक वळणावर एक ढोल माझ्या गुडघ्यावर आपटून घुमत होता. सासुरवाडीच्या गल्लीत टेम्पो वळला तेव्हा अंधार पडला होता. ढोलाचा आवाज ऐकून पोरं "पालखी आली, पालखी आली" म्हणत धावली. सासूबाई आरतीचं तबक घेऊन अंगणात आल्या. दोरांनी बांधलेली मोटारसायकल आणि तिला धरून उभा असलेला जावई बघून त्यांनी तबक हळूच मागं घेतलं.

शिमगा जातो आणि कवित्व राहतं. मंगळवारी चिपळूणच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या ॲडव्हायझरनं गाडी लांबून बघितली आणि म्हणाला, "रेग्युलेटर ना? कॉमन प्रॉब्लेम आहे, सर. आता कंपनीनं पार्ट सुधारलाय." नव्या डब्याच्या नंबरात शेवटी एक अक्षर जास्त होतं आणि पाठीवर उष्णता टाकणारी पाती दुप्पट होती. म्हणजे कंपनीला माहीत होतं. मिस्त्रींना माहीत होतं. फक्त वॉरंटी चालू असेपर्यंत ते कुणालाच माहीत नव्हतं. पार्टचे २,८४० आणि मजुरीचे ३५० रुपये मी मोजले.

मेहुणा तिथल्याच कोर्टात वकिली करतो. रात्री जेवताना त्यानं विचारलं, "भावोजी, जॉबकार्डं आहेत?" ती सीटखाली होती. तीन कार्डांवर 'मीटर लुकलुकते' असं लिहिलं होतं. चौथ्यावर 'जनरल चेकअप' एवढंच होतं, आणि खाली सही माझी.

"तीन पुरेत," तो म्हणाला. "वॉरंटी संपली, पण दोष वॉरंटीतला आहे आणि तुम्ही तो वेळेत सांगितलाय. आधी कंपनीला लेखी कळवा. नाही ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याउपर जिल्हा ग्राहक आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही."

मी पत्र लिहिलं. सोबत तीन जॉबकार्डं, बिल आणि जळक्या डब्याचा फोटो जोडला. पाच आठवड्यांनी उत्तर आलं. 'ग्राहकाशी असलेल्या स्नेहापोटी' पार्टचे २,८४० रुपये परत मिळाले. पत्रात स्नेह दोनदा होता, दोष एकदाही नव्हता. मजुरीला स्नेह पुरला नाही.

म्हणून सांगतो, गाडी सर्व्हिसला टाकाल तेव्हा आपली तक्रार आपल्याच शब्दांत जॉबकार्डावर उतरली आहे का, हे सही करण्याआधी वाचा, आणि गाडी विकेपर्यंत ते कार्ड टाकू नका. आणि शिमग्याला चिपळूणला जायचं असेल, तर स्वारगेटहून एसटी आहे.